ग्लासगो हॉक्स: एकत्र आलेले क्लब अजून स्वतंत्रपणे खेळतात, ते कसे?

क्लाइडकाठ (प्रश्न)

नमस्कार. गेली दीड वर्षे मी नोकरीनिमित्त ग्लासगोच्या पश्चिम भागात राहत आहे. अ‍ॅनिसलँड स्थानकाकडे जाण्याचा माझा रस्ता क्रो रोडवरून जातो आणि त्या रस्त्याला लागूनच 'ओल्ड अ‍ॅनिसलँड' हे रग्बीचे मैदान आहे. जवळच 'न्यू अ‍ॅनिसलँड' नावाचे दुसरे मैदान आहे. पहिल्यावर ग्लासगो हाय केल्विनसाइड, म्हणजे जीएचके, हा क्लब खेळतो, तर दुसरे मैदान ग्लासगो अकॅडमिकल्सचे आहे. त्यांना येथे सगळे 'अ‍ॅकीज' म्हणूनच ओळखतात.

कार्यालयातील एका सहकाऱ्याने बोलता बोलता सांगितले की हे दोन्ही क्लब 1997 मध्ये एकत्र आले आणि त्यातून 'ग्लासगो हॉक्स' हा क्लब निर्माण झाला. ते ऐकल्यापासून मी कोड्यात पडलो आहे. दोन्ही क्लब एकत्र आले असतील, तर शनिवारी दुपारी त्यांचे स्वतंत्र संघ मैदानात उतरलेले मला कसे दिसतात? आणि हॉक्सचे सामने या दोन्ही ठिकाणी न होता तिसऱ्याच, बालग्रे नावाच्या मैदानावर का होतात? खेळाचे नियम मला जेमतेम कळतात, त्यामुळे कोणी इतिहासासह समजावून सांगितल्यास आभारी राहीन. हॉक्सचे वय 1997 पासून मोजावे की त्याआधीपासून, हेही जाणून घ्यायचे आहे.

जुना स्क्रमहाफ

आपल्या सहकाऱ्याची माहिती बरोबर आहे आणि आपल्याला दिसते तेही खरे आहे. 1997 मध्ये एकत्र आले ते दोन्ही क्लबांचे वरिष्ठ संघ. क्लब म्हणून अ‍ॅकीज आणि जीएचके विसर्जित झाले नाहीत. लीगच्या खालच्या श्रेणींमध्ये ते आपापल्या नावाने खेळत राहिले. दोन जुनी घरे जागेवर ठेवून त्यांच्यावर एक सामाईक मजला चढवावा, तसा हा प्रकार आहे. हा मजला चढवण्याची वेळ का आली हे समजून घ्यायचे असेल, तर बरेच मागे जावे लागते.

स्कॉटलंडच्या शहरांमध्ये रग्बी वाढले ते शाळांच्या आवारात. शाळा सोडलेल्या मुलांनी शाळेच्याच नावाने क्लब काढावा आणि त्यात फक्त त्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना प्रवेश असावा, ही तेथील रूढी होती. अनेक क्लबांच्या नावापुढे दिसणारी 'एफपी' ही अक्षरे म्हणजे 'फॉर्मर प्युपिल्स', अर्थात 'माजी विद्यार्थी', याचेच लघुरूप. ग्लासगो अकॅडमी या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी 1866 मध्ये अकॅडमिकल्स क्लब स्थापन केला. 27 मार्च 1871 रोजी एडिनबरातील रेबर्न प्लेस येथे स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात जगातील पहिला आंतरराष्ट्रीय रग्बी सामना झाला, त्या स्कॉटिश संघात अ‍ॅकीजचे खेळाडू होते. पुढच्या वर्षी ग्लासगो विरुद्ध एडिनबरा हा पहिला आंतरशहर सामना झाला, तोही अ‍ॅकीजच्या तेव्हाच्या बर्नबँक मैदानावर. 3 मार्च 1873 रोजी ज्या आठ क्लबांनी स्कॉटिश फुटबॉल युनियन, म्हणजे आजच्या स्कॉटिश रग्बी युनियनची पूर्वज संस्था, स्थापन केली, त्यांतही अ‍ॅकीज होते. ती बैठक भरली होती एल्मबँक स्ट्रीटवरील ग्लासगो अकॅडमीच्या इमारतीत.

या इमारतीची पुढची कथा मला विशेष आवडते. 1878 मध्ये ग्लासगो अकॅडमी केल्विनब्रिजजवळ नव्या जागेत गेली आणि एल्मबँक स्ट्रीटवरील वास्तूत ग्लासगो हायस्कूल आले. या हायस्कूलच्या माजी विद्यार्थ्यांचा क्लब, ग्लासगो एचएसएफपी, हाच पुढे जीएचकेमधला 'जीएच' झाला. म्हणजे ज्या दोन क्लबांचे वरिष्ठ संघ 1997 मध्ये एक झाले, त्यांच्या शाळा शंभरहून अधिक वर्षांपूर्वी पाठोपाठ एकाच छपराखाली नांदल्या होत्या. दोन्ही क्लबांचे खेळाडू राष्ट्रीय संघातही खांद्याला खांदा लावून खेळले. 21 मार्च 1925 रोजी मरेफील्ड स्टेडियमचे उद्घाटन इंग्लंडविरुद्धच्या सामन्याने झाले. इंग्लंड 11–10 असे पुढे असताना हर्बर्ट वॅडेल याने ड्रॉप गोल (चेंडू हातातून जमिनीवर सोडून उसळताच मारलेला गोल) मारला. तेव्हा ड्रॉप गोलला चार गुण मिळत, त्यामुळे स्कॉटलंड 14–11 असे जिंकले आणि त्यांचे पहिले ग्रँड स्लॅम, म्हणजे त्या वर्षीच्या राष्ट्रांच्या स्पर्धेतील सर्व सामने जिंकणे, पूर्ण झाले. वॅडेल अ‍ॅकीजचा होता आणि त्याला चेंडू पुरवणारा स्क्रमहाफ जेम्स नेल्सनही अ‍ॅकीजचाच. त्याच संघाच्या फळीत ग्लासगो एचएसएफपीचा जॉन बॅनरमन होता, जो स्कॉटलंडकडून सलग 37 सामने खेळला.

वैभव ओसरू लागले ते साठोत्तरी काळात. 1973–74 च्या हंगामापासून अधिकृत लीग सुरू झाली आणि मित्रत्वाच्या सामन्यांच्या जागी बढती-उतरणीचा हिशेब आला. पहिली पाचही विजेतेपदे हॉइकने जिंकली. हॉइक हे इंग्लंडलगतच्या सीमाभागातले लहानसे गाव, पण त्या गावाचा वरिष्ठ क्लब एकच आणि गावातला प्रत्येक मुलगा त्याचा. ग्लासगो त्याच्या कितीतरी पट मोठे, पण तेथील खेळाडू पाचसहा शाळांच्या नावांमध्ये वाटले गेलेले. त्यातच ग्लासगो हायस्कूल हे महापालिकेचे विद्यालय 1976 मध्ये बंद करण्यात आले. माजी विद्यार्थ्यांनी पुढाकार घेऊन बेअर्सडेनमधील ड्रूस्टीनटन या शाळेशी जोडून ते खाजगी शाळा म्हणून पुन्हा उभे केले, आणि त्याचा माध्यमिक विभाग बांधला तो त्यांच्या खेळाच्या मैदानालगत. आपण रोज पाहता ती ओल्ड अ‍ॅनिसलँडची शाळा हीच. शाळेचीच अशी उलथापालथ झाल्यावर क्लबाला खेळाडू कोठून मिळणार? 1982 मध्ये ग्लासगो हाय आणि केल्विनसाइड अकॅडमिकल्स हे दोन क्लब एकत्र येऊन जीएचके झाला. म्हणजे हॉक्सच्या जन्माआधीच त्याच्या एका पालकाचे एक विलीनीकरण होऊन गेलेले होते.

26 ऑगस्ट 1995 रोजी आंतरराष्ट्रीय मंडळाने रग्बीमध्ये खेळाडूला पैसे देण्यावरची बंदी उठवली. त्यानंतर दोनच वर्षांनी हॉक्स अस्तित्वात आला. पहिल्याच हंगामात, 1998 मध्ये, त्याने स्कॉटिश कप जिंकला. 2003–04, 2004–05 आणि 2005–06 असे सलग तीन वेळा लीगचे विजेतेपद मिळवले. लीग सुरू झाल्यापासून तीस वर्षांत ग्लासगो शहराच्या एकाही क्लबाने ते जिंकलेले नव्हते, यावरून या तीन वर्षांचे मोल लक्षात यावे. 2004 आणि 2007 मध्ये कपही मिळाला.

आडवाट

वरील प्रतिसाद उत्तम आहे, परंतु त्यातून एकत्र येण्याचा निर्णय यशस्वी झाला अशी जी छाप पडते, तिच्याशी मी पूर्णतः सहमत नाही. शहराचा एक बलवान संघ हवा, या ज्या गरजेतून हॉक्स जन्मला, ती गरज त्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच कोणी भागवून टाकली.

1995 नंतर स्कॉटलंडपुढे दोन वाटा होत्या. एक म्हणजे इंग्लंडप्रमाणे मोठ्या क्लबांनीच व्यावसायिक व्हायचे, आणि दुसरी म्हणजे जिल्ह्यांचे संघ व्यावसायिक करायचे. युनियनने दुसरी वाट निवडली. 1996 पासून चार जिल्हा संघ उभे राहिले आणि 1998 मध्ये खर्च झेपेना म्हणून चाराचे दोन करण्यात आले. ग्लासगोच्या संघात तेव्हा कॅलेडोनिया जिल्हा मिसळण्यात आला आणि काही काळ त्याचे नावही ग्लासगो कॅलेडोनियन्स असे होते. आज आपण ज्याला ग्लासगो वॉरियर्स म्हणतो तो हाच संघ. म्हणजे शहराचा सर्वांत मोठा क्लब होण्यासाठी हॉक्स निघाला आणि त्याच सुमारास शहराच्या डोक्यावर एक पगारी संघ येऊन बसला. उत्तम खेळाडू हॉक्सच्या नावावर नोंदलेले असत, पण ते आठवडाभर सराव करत वॉरियर्सकडे.

2019 मध्ये युनियनने 'सुपर सिक्स' ही निम-व्यावसायिक स्पर्धा काढली. तिच्या सहा जागांमध्ये ग्लासगो शहरातला एकही क्लब नव्हता आणि हॉक्स हौशी प्रीमियरशिपमध्ये राहिला. ती स्पर्धा 2024 मध्ये गुंडाळण्यात आली. हॉक्स अजून खेळतो आहे. त्यामुळे हौशी राहणे हे त्याचे दुर्दैव होते की नशीब, यावर वाद घालता येईल. माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे.

आणखी एक मुद्दा असा की, हॉक्स हे एकटे उदाहरण नव्हे. एडिनबरात डॅनियल स्ट्यूअर्ट्स कॉलेज आणि मेलव्हिल कॉलेज या दोन शाळा 1972 मध्ये एक झाल्या आणि त्यांच्या मागोमाग माजी विद्यार्थ्यांचे क्लबही एक होऊन स्ट्यूअर्ट्स मेलव्हिल झाले. ग्लासगोमध्ये हिलहेड आणि जॉर्डनहिल एकत्र आले. मला सर्वांत लक्षणीय वाटते ते जीएचए, म्हणजे ग्लासगो हचिसन्स अलॉयजियन्स. हचिसन्स ही सतराव्या शतकात दोन भावांच्या देणगीतून निघालेली शाळा, तर सेंट अलॉयशस हे जेझुइट पाद्र्यांचे कॅथलिक विद्यालय. ज्या शहरात फुटबॉलचा संघ विचारला की माणसाचा पंथ कळतो (सेल्टिक म्हणजे कॅथलिक, रेंजर्स म्हणजे प्रोटेस्टंट) असे समजले जाते, तेथे या दोन शाळांचे माजी विद्यार्थी एका क्लबात आले आणि त्याची कोणाला फारशी नवलाई वाटली नाही.

दप्तरी

मूळ प्रश्नातील गोंधळ काही अंशी शब्दातून आला आहे, असे मला वाटते. 'विलीनीकरण' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर संस्थाने येतात. 1949 मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, म्हणजे संस्थान म्हणून ते संपले. हॉक्सच्या बाबतीत असे काहीही झाले नाही. जीएचकेच्या बाबतीत मात्र झाले, कारण 1982 नंतर ग्लासगो हाय आणि केल्विनसाइड अकॅडमिकल्स यांचे वेगवेगळे संघ उरले नाहीत. म्हणून 1982 च्या घटनेला विलीनीकरण म्हणावे आणि 1997 च्या घटनेला संयुक्त संघाची स्थापना. वयाच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे: अकॅडमिकल्स 1866 चे, जीएचके 1982 चा आणि हॉक्स 1997 चा. हॉक्सच्या नावावर 1866 टाकणे म्हणजे आजोबांचा जन्मदाखला नातवाच्या नावाने काढण्यासारखे होईल.

जुना स्क्रमहाफ

दप्तरींची दुरुस्ती मान्य आहे. आडवाट यांच्याशी मात्र माझा अर्धाच वाद आहे. वॉरियर्समुळे हॉक्सची महत्त्वाकांक्षा आखडली हे खरे, परंतु मी 2004 ते 2006 या काळात तेथे राहत होतो आणि ओल्ड अ‍ॅनिसलँडच्या कठड्याला टेकून अनेक सामने पाहिले आहेत, त्यामुळे तेथील वातावरण मला आठवते. मैदानाच्या कडेला उभी असलेली मंडळी वयस्क होती. त्यांच्या गळ्यातील मफलर जुन्या शाळांच्या रंगांचे असत, आणि पावसाची सर आली की ते मफलर डोक्यावर घेऊन सगळे एकाच छपराखाली दाटीवाटीने उभे राहत. एकदा माझ्या शेजारच्या गृहस्थांना मी विचारले की आपण कोणत्या क्लबाचे. त्यांनी अ‍ॅकीज असे उत्तर दिले. मग समोर खेळतो आहे तो संघ कोणाचा, असे विचारल्यावर ते म्हणाले, "तोही आमचाच, पण फक्त तीन ते पावणेपाच." सामना संपल्यावर ते न्यू अ‍ॅनिसलँडच्या क्लबघरात बिअर प्यायला निघून गेले. लीगच्या तक्त्यात हे कोठेही लिहिलेले नसते, पण दोन्ही जुने क्लब टिकले ते अशाच माणसांमुळे.

क्लाइडकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शेजारचे गृहस्थ आणि पावणेपाच, ही गोष्ट मी उद्याच सहकाऱ्याला सांगणार आहे. फक्त बालग्रेचा उलगडा अजून झालेला नाही. दोन्ही पालकांची मैदाने एकमेकांजवळ असताना हॉक्स तिसरीकडे का गेला असावा?

दप्तरी

जाण्याची कारणे क्लबाच्या आतली माणसेच सांगू शकतील, परंतु ते मैदान परके नव्हे, एवढे निश्चित सांगता येईल. बालग्रे हे केल्विनसाइड अकॅडमीचे मैदान. ही शाळा 1878 मध्ये सुरू झाली आणि तिच्या माजी विद्यार्थ्यांचा क्लब 1982 मध्ये ग्लासगो हायबरोबर एक झाला, हे वर आलेच आहे. म्हणजे हॉक्सच्या वंशावळीत शाळा दोन नसून तीन आहेत. त्यांपैकी पहिल्या दोघींची अ‍ॅनिसलँडची मैदाने आपण रोज पाहता. तिसरीचे नाव जीएचकेमधील शेवटच्या 'के' या एका अक्षरापुरते उरले आहे, आणि हॉक्स आज खेळतो तो तिच्याच मैदानावर.

क्लाइडकाठ

नकाशा उघडून पाहिला. घरापासून ग्रेट वेस्टर्न रोडने चालत जाण्याजोगे अंतर आहे. येत्या शनिवारी तीन वाजता छत्री घेऊन जात आहे.