रात्रीच्या आकाशाचं क्रोशे ब्लँकेट: कोणत्या पद्धतीने विणू? सल्ला हवा

ओवी_
नमस्कार मंडळी. भाचीसाठी क्रोशाचं ब्लँकेट विणायचं ठरवलंय. वय वर्षं दहा, आणि सध्या आकाशाशिवाय दुसरा विषय नाही. चांदण्या छापलेलं एक तयार पांघरूण तिला दाखवलं, तर लगेच विचारलं, "यात मृग कुठे आहे?" म्हणून नुसते पांढरे ठिपके नकोत. तिला बोट ठेवून ओळखता येईल असं खरं आकाश हवं आहे.

माप साधारण १०० बाय १३० सेंमी. मला साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब हे सगळे टाके नीट येतात, पण रंगकाम म्हणजे आतापर्यंत फक्त पट्टे. टॅपेस्ट्री, इंटार्शिया, मोझॅक, कॉर्नर-टू-कॉर्नर अशी नावं वाचून गोंधळ झालाय. यातलं कोणतं घेऊ? गडद लोकर विणताना डोळ्यांना फार त्रास होतो का? लोकर किती लागेल याचा अंदाज कसा काढायचा?

सैलटाका
कॉर्नर-टू-कॉर्नर घ्या, डोळे मिटून. प्रत्येक चौकोन तीन साखळ्या आणि तीन खांबांचा. ग्राफचा एक चौकोन म्हणजे विणकामाचा एक चौकोन, हिशेब सोपा. शिवाय तिरकं विणलं जात असल्याने फिक्या निळ्याकडून गडदकडे जाणाऱ्या छटा सुरेख दिसतात. मी चंद्रकोरीचं विणलं आहे, खूप लवकर झालं.

टाकेवाली
ओवी, पद्धत ठरवण्याआधी एक गोष्ट ठरव: आकाशाचा केवढा तुकडा घ्यायचा आहे? बाकी सगळं त्यावरून ठरतं. चंद्रकोरीसाठी कॉर्नर-टू-कॉर्नर उत्तमच, सैलटाका यांच्याशी सहमत. पण मध्यम जाडीच्या लोकरीत तो चौकोन दोन सेंटीमीटरच्या आसपास होतो. ताऱ्यांच्या बाबतीत तो परवडेल का, हे मृगाचं खरं माप माहीत असल्याशिवाय सांगता येणार नाही. शततारका, इकडे या.

शततारका
आलो. आकाशातली अंतरं अंशात मोजतात. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश झाकते. त्या हिशेबाने:

मृगाची उंची, डोक्यापासून पायांपर्यंत, जवळजवळ २० अंश. पोटातल्या बाणाचे तीन तारे मिळून पावणेतीन अंशांच्या आसपास. बाणाची रेषा एका बाजूला वाढवली की व्याध, दुसऱ्या बाजूला वाढवली की रोहिणी. दोन्ही अंतरं जवळपास सारखी, सुमारे २३ अंश. रोहिणीच्या पुढे अंदाजे १४ अंशांवर कृत्तिका, म्हणजे ताऱ्यांचा छोटा पुंजका.

माझा आग्रह असा की नुसता मृग घेऊ नका. व्याध, मृग, रोहिणी, कृत्तिका ही ओळ घ्या. मुलांना आकाश कळतं ते एका ताऱ्यावरून दुसऱ्याकडे जाताना. बाणावर बोट ठेवून व्याधाकडे सरकता आलं, की पुढच्या वेळी अंगणात मान वर करून तेच करता येतं. ही चौघं मिळून सुमारे ४४ अंश रुंद आणि ४१ अंश उंच जागा घेतात. एका अंशाला दोन सेंटीमीटर दिले तर ८८ बाय ८२ सेंमी. तुमच्या मापात बसतं आणि भोवती मोकळं आकाशही उरतं.

टाकेवाली
झालं, उत्तर मिळालं. अंशाला दोन सेंमी म्हणजे बाण साडेपाच सेंटीमीटरचा. कॉर्नर-टू-कॉर्नरमध्ये तिन्ही तारे एकमेकांना चिकटलेले चौकोन होतील आणि बाणाची छोटी पट्टी दिसेल. ती पद्धत इथे बाद. मुक्या खांबात एक टाका साधारण सात मिलिमीटर रुंद, म्हणजे त्याच साडेपाच सेंटीमीटरमध्ये आठेक टाके. तीन तारे सुटे बसतात.

आता माझं मुख्य म्हणणं. आकाश विणायचं, तारे मागाहून भरायचे. एकेका टाक्याचा तारा रंग बदलून विणायला जाऊ नकोस. टॅपेस्ट्रीमध्ये न वापरलेला धागा टाक्यांच्या पोटातून पुढे न्यावा लागतो. गडद निळ्याच्या आतून पांढरा नेला की तो टाक्यांच्या फटींतून ओळभर डोकावतो, आणि सगळं आकाश धुरकट दिसतं. धागा न नेता दर ताऱ्याला तोडला, तर दोन-दोन टोकं लपवत बसायची. शिवाय एकच मुका खांब रंगीत केला की तो कलंडलेला दिसतो, गोल ठिपका होत नाही.

मोझॅक दोन रंगांच्या भौमितिक नक्षीसाठी फार देखणं आहे, पण तारे हवे तिथे बसवता येत नाहीत. इंटार्शियाचा उपयोग आकाशगंगेच्या पट्ट्याला होईल, कारण तिथे प्रत्येक रंगाची वेगळी छोटी गुंडी असते आणि मागून धागा ओढावा लागत नाही. नवा रंग घेताना आधीच्या टाक्याचा शेवटचा ओढ नव्या धाग्याने घे. तेवढं पाळलंस की रंगांची हद्द स्वच्छ येते.

ओवी_
हे पटलं! माझ्या डोक्यात पार्श्वभूमी सपाट गडद निळी होती. आकाशगंगा कुठून जाईल, शततारका?

शततारका
मृग आणि व्याधाच्या पूर्वेकडून. नकाशात मृग उभा असताना काक्षी, म्हणजे तांबूस तारा, वर डावीकडे असतो. पट्टा त्याच्या डाव्या अंगाने वरून खाली उतरतो. आकाशगंगेचा हा भाग फिकट असतो, कारण आपण केंद्राच्या उलट दिशेला पाहत असतो. ठळक, फुगीर भाग धनू राशीकडे. त्यामुळे इथे पांढरा पट्टा नको, पार्श्वभूमीपेक्षा एक-दोन छटा उजळ एवढंच पुरे. काळा रंगही टाळा. अगदी अंधाऱ्या जागीही आकाश पूर्ण काळं नसतं, वातावरणाची स्वतःची मंद प्रभा असते, आणि क्षितिजाकडे ते जास्त उजळ दिसतं.

टाकेवाली
त्या छटांसाठी एक युक्ती. बारीक लोकर घे आणि दोन धागे एकत्र धरून विण. तीन निळ्या शेड असल्या तर पाच पायऱ्या मिळतात: गडद-गडद, गडद-मध्यम, मध्यम-मध्यम, मध्यम-फिका, फिका-फिका. दोन रंगांचे धागे एकत्र आले की मिसळ दिसते आणि पट्ट्याची सरळ रेष मोडते. खालच्या काठाला क्षितिजाचा उजेड असाच आण. आकाशगंगेत एक धागा मोहेरचा, म्हणजे केसाळ लोकरीचा, घेतलास तर तिची धूसर कड आपोआप साधते.

डोळ्यांचं विचारलंस. काळ्यात टाके दिसतच नाहीत, गडद निळ्यात दिसतात, पण दिव्याखाली जड जातं. गडद भाग दिवसाउजेडी विण आणि मांडीवर पांढरं कापड अंथर. टाक्यांच्या फटी त्यावर उठून दिसतात. एवढ्याने फार फरक पडतो.

लोकरीचा अंदाज: १५ बाय १५ सेंमीचा नमुना विण, धू, वाळव आणि मग वजन कर. तुझं ब्लँकेट १३,००० चौरस सेंमी, नमुना २२५, म्हणजे सुमारे ५८ पट. नमुना १२ ग्रॅम भरला तर ७०० ग्रॅमच्या आसपास. काठ आणि ताऱ्यांसाठी थोडी जास्त धर. गडद निळी सगळी एकाच लॉटची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली, एकदम घे, नंतर तीच छटा मिळत नाही. धुतलेला ओला नमुना पांढऱ्या कापडात दाबून पाहा. रंग उतरला तर ती लोकर सोड, नाहीतर पहिल्याच धुण्यात तारे निळे होतील.

डावखुरी
महत्त्वाचं राहिलं. आपण डाव्या हाताने विणणारे लोक ग्राफ नेहमीच्या क्रमाने वाचला तर चित्र आरशातल्यासारखं उलटतं. विणून झाल्यावर मागची बाजू पुढे धरली तरी तेच. आकाशगंगा चुकीच्या बाजूला आली तर मृगाचं सगळंच बिघडेल. सरळ बाजूला पहिल्याच ओळीत एक रंगीत दोरा बांधून ठेवा. आणि ताऱ्यांचा नकाशा घेताना त्यात पूर्व डावीकडे आहे ना हे बघा. आकाश खालून वर पाहतो म्हणून ती डावीकडेच हवी.

ओवी_
मी उजव्या हाताने विणते, पण दोरा नक्की बांधेन. आता तारे. सगळे सारखेच पांढरे करू की लहानमोठे?

शततारका
लहानमोठे, आणि यात कंजूषी करू नका. ताऱ्यांच्या तेजाला प्रत म्हणतात. आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभर पट. व्याध उणे १.४६, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. राजन्य, म्हणजे नकाशात मृगाच्या खाली उजवीकडचा तारा, ०.१ च्या जवळ, काक्षी साधारण अर्ध्या प्रतीचा, रोहिणी ०.९ च्या आसपास, बाणाचे तारे १.७ ते २.२. मंद तारे मात्र भरपूर हवेत: प्रतीची एकेक पायरी उतरली की ताऱ्यांची संख्या अंदाजे तिपटीने वाढते. ब्लँकेटवर आकाश भरलेलं वाटतं ते या बारीक ताऱ्यांमुळे.

रंग फक्त तेजस्वी ताऱ्यांना द्या, कारण मंद उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाही. काक्षीच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ३५०० केल्विन, म्हणून नारिंगी-तांबूस. राजन्य १२,००० च्या आसपास, म्हणून निळसर पांढरा. रोहिणी नारिंगी, व्याध शुभ्र. बाकीचे मळकट पांढरे. हिरवा तारा नको, डोळ्याला तसा तारा दिसत नाही.

बाणाच्या खाली लोंबणाऱ्या तीन ठिपक्यांत मधला जरा धूसर ठेवा, तो मृगातला तेजोमेघ आहे. फोटोंत गुलाबी दिसतो, नुसत्या डोळ्यांना राखाडी. आणि काक्षीबद्दल भाचीला सांगायला एक गोष्ट: २०१९ च्या अखेरीपासून २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत तो इतका मंदावला होता की मृग नेहमीसारखा दिसेना. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या द्रव्याची धूळ झाली आणि तिने त्याचा उजेड अडवला.

एकाच ठिकाणी प्रमाण सोडा. कृत्तिकांचे ठळक तारे अंशभर जागेत आहेत, तुमच्या मापात दोन सेंटीमीटर. तिथे तिप्पट मोठं करा, नाहीतर सहा गाठींचा एक गोळा होईल.

टाकेवाली
भरायला मोठ्या नेढ्याची बोथट सुई. मंद ताऱ्यांना एकेरी धाग्याची गाठ, मध्यम ताऱ्यांना दुहेरी. सुई वर काढलीस त्याच फटीत परत घालू नकोस, मधे लोकरीचा एक पदर सोड, नाहीतर गाठ मागे निसटते. व्याध, राजन्य, काक्षी आणि रोहिणीसाठी बारीक धाग्याने सहा मुक्या खांबांचं गोल वर्तुळ विणून टाचून टाक. व्याधाला दोन फेऱ्यांचं.

जागा ठरवायला टाके मोजू नकोस. मुका खांब जितका रुंद तितका उंच नसतो, त्यामुळे चौकटीच्या कागदावरचं चित्र विणल्यावर चेपतं. ब्लँकेट ओलं करून, ताणून, वाळवून घे. मग नकाशा खऱ्या मापात पातळ कागदावर काढ, वर पसर, टाचण्या लाव आणि कागद उचल. आधी बाण भर, मग त्याच्या दोन्ही बाजूंनी पुढे जा.

ओवी_
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं: मुका खांब, तीन निळ्या, दुहेरी धागा, डावीकडे आकाशगंगा, आणि व्याधापासून कृत्तिकांपर्यंतची ओळ. शेवटचं एक: इतक्या गाठींची मागची बाजू बोटांत अडकेल ना? अस्तर लावू का?

टाकेवाली
लाव. मऊ सुती कापड, आधी धुऊन घेतलेलं, कारण सुती आटतं आणि मग ब्लँकेटला चुण्या पडतात. अस्तर कडेने शिवून झालं की मोठ्या ताऱ्यांच्या मागे एकेक टाका अस्तरातूनही घे, म्हणजे मधे झोळ येत नाही. अस्तराला निळा रंग घेतलास तर ते टाके दिसणार नाहीत. पांढरं घेतलंस तर मागूनही मृग दिसेल, फक्त उलटा.