घरगुती ध्वनिमुद्रणासाठी ऑडिओ इंटरफेस: प्रीॲम्प किती चांगला हवा?

मध्यमा (प्रश्न)

नमस्कार. मी डोंबिवलीत ख्यालगायन शिकवते. परगावी राहणाऱ्या विद्यार्थिनींना बंदिशी, आलाप आणि पलटे मुद्रित करून पाठवावे लागतात. आजवर हे काम फोनवर केले, परंतु फोन आवाजाची पातळी स्वतःहून वरखाली करतो. मी षड्जावर थांबले की मागचा तंबोरा एकदम मोठा होतो आणि तार सप्तकात गेले की सगळाच आवाज दबून जातो. स्वर कुठे भरून लावायचा आणि कुठे हलका सोडायचा हेच तर मुलींना ऐकवायचे असते, आणि नेमके तेच मुद्रणातून नाहीसे होते.

म्हणून आता लॅपटॉपला जोडता येईल असा, दोन माइकची सोय असलेला ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात नेणारे यंत्र) घ्यावा असा विचार आहे. कार्यक्रमांसाठी घेतलेला शुअर एसएम५८ हा डायनॅमिक माइक माझ्याकडे आहे. तंबोऱ्यासाठी दुसरा माइक, बहुधा ऑडिओ-टेक्निका एटी२०२० हा कंडेन्सर (मंद आवाजालाही अधिक संकेत देणारा माइक), घ्यायची तयारी आहे. इंटरफेससाठी साधारण वीस हजार रुपयांपर्यंत खर्च करू शकेन. प्रत्येक कंपनी आपला प्रीॲम्प अत्यंत स्वच्छ असल्याचे सांगते आणि विक्रेते ‘गेन (संकेत वाढवण्याची क्षमता) जास्त तो चांगला’ असे म्हणतात. माहितीपत्रकातील कोणत्या आकड्यांकडे पाहावे, आणि तंबोऱ्यासारख्या मंद आवाजाच्या वाद्यासाठी प्रीॲम्पने खरोखर किती फरक पडतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सायंराग

मध्यमाताई, आपला प्रश्न योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे, म्हणून थोडे हिशेबाने उत्तर देतो.

माइकमधून येणारा विद्युत संकेत फार क्षीण असतो आणि तो मोजण्याजोगा मोठा करणे हे प्रीॲम्पचे काम असते. हे करताना तो स्वतःची थोडी सरसर त्यात मिसळतो. ही सरसर माहितीपत्रकात ‘ईआयएन’ या नावाने, उणे चिन्हासह, डीबीयू या विद्युत पातळीच्या एककात दिलेली असते. हा आकडा जितका अधिक उणे तितका प्रीॲम्प शांत. मात्र १५० ओहमच्या स्रोताची स्वतःची औष्णिक सरसरच सुमारे −१३१ डीबीयू असते, आणि त्याखाली कोणतीही कंपनी, कितीही पैसे घेतले तरी, जाऊ शकत नाही. फोकसराइट स्कार्लेट २आय२ या इंटरफेसच्या तिसऱ्या पिढीचा आकडा −१२८ आहे, चौथ्या पिढीचा −१२७ आहे आणि मोटू एम२ चा −१२९ आहे. म्हणजे आपल्या खर्चाच्या टप्प्यातील चांगली यंत्रे त्या सीमेच्या दोन ते चार डेसिबल अलीकडे येऊन पोहोचली आहेत. तुलना करताना एवढे पाहावे की दोन्ही आकडे ‘ए-वेटेड’ (कानाच्या संवेदनेनुसार कंपनांना कमीअधिक वजन देऊन मोजलेले) आहेत का, कारण ते वेटिंग लावले की तोच प्रीॲम्प कागदावर सुमारे दोन डेसिबल शांत दिसतो.

आता हा आकडा आपल्या खोलीच्या भाषेत आणू. ९४ डेसिबल ध्वनिदाबाला एसएम५८ सुमारे १.८५ मिलिव्होल्ट देतो, म्हणजे जवळपास −५२ डीबीयू. प्रीॲम्पची सरसर −१२८ धरली तर दोहोंत ७६ डेसिबलचे अंतर पडते आणि ९४ मधून ७६ वजा करता १८ उरतात. याचा अर्थ, एसएम५८ लावल्यावर प्रीॲम्पची सरसर ही माइकसमोर १८ डेसिबलचा आवाज सतत चालू असल्यासारखी ऐकू येईल. रात्री पंखा बंद करून, खिडक्या लावूनही शहरातील सदनिकेत ३० डेसिबलच्या खाली जाणे कठीण असते. तेव्हा आपण जी खरखर प्रीॲम्पच्या नावावर टाकतो ती बहुतेक वेळा आपली खोलीच असते.

एटी२०२० च्या बाबतीत तर प्रीॲम्पचा प्रश्न जवळजवळ उरतच नाही. त्याचा संकेत ९४ डेसिबलला सुमारे १४ मिलिव्होल्ट असतो आणि त्याच हिशेबाने प्रीॲम्पची सरसर १ डेसिबलच्या आसपास येते, तर माइकची स्वतःची सरसर २० डेसिबलची आहे. तिथे प्रीॲम्प बदलून काहीही हाती लागणार नाही. तंबोऱ्यासाठी खरोखर शांत मुद्रण हवे असेल तर तो पैसा माइकवर खर्च करावा. रोड एनटी१-ए सारख्या माइकची सरसर ५ डेसिबल आहे, आणि शांत खोलीत तो फरक कानाला कळतो.

‘गेन जास्त तो चांगला’ हे विक्रेत्याचे म्हणणे अर्धेच आहे. स्कार्लेट २आय२ च्या तिसऱ्या पिढीला ५६ डेसिबल गेन होता आणि चौथ्या पिढीला ६९ आहे. वाचताना हा १३ डेसिबलचा मोठा फरक वाटतो. परंतु गेन सर्वांत कमी असताना प्रीॲम्प सोसू शकतो तो कमाल संकेत जुन्यात ९ डीबीयू होता, तर नव्यात १६ आहे. कमाल संकेतातून गेन वजा केला की पूर्ण पातळी (मुद्रणाची कमाल मर्यादा) गाठण्यासाठी माइककडून किती संकेत यावा लागेल ते कळते: जुन्यात −४७ आणि नव्यात −५३. म्हणजे मंद आवाजाच्या दृष्टीने खरा लाभ ६ डेसिबलचा आहे, उरलेला विस्तार मोठ्या आवाजाच्या बाजूला गेला आहे. कोणत्याही दोन इंटरफेसची तुलना करताना ही वजाबाकी अवश्य करावी.

आपल्या गरजेपुरते सांगायचे तर एसएम५८ वर जवळून गायल्यास यांतील कोणतेही यंत्र पुरेल. त्याच माइकवर तंबोरा मुद्रित करायचा झाला तर मात्र ओढाताण होईल, कारण माइकपाशी तंबोऱ्याचा आवाज ६० डेसिबल धरला तरी गेन पूर्ण उघडूनही पातळी पूर्ण पातळीच्या तिसऱ्या पिढीत सुमारे ३९ आणि चौथ्या पिढीत सुमारे ३३ डेसिबल खालीच राहील. तंबोऱ्याला कंडेन्सर लावण्याचा आपला विचार म्हणूनच योग्य आहे.

तारसप्तक

वरील हिशेब मान्य आहे, परंतु ख्यालगायनासाठी मला दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. मंद्रातील आलाप आणि तार सप्तकातील तान यांच्या पातळीत एवढे अंतर असते की आलापावर गेन बेतला तर तानेत आवाज हमखास फाटतो. गेन नेहमी सर्वांत जोराच्या जागेवर बेतावा आणि तिथे पीक, म्हणजे आवाजाचे सर्वांत उंच टोक, पूर्ण पातळीच्या सुमारे १२ डेसिबल खाली ठेवावे. आलाप पडद्यावर बारीक दिसला तरी घाबरू नये. २४ बिट मुद्रणात तो नंतर वाढवता येतो आणि त्यासोबत वर येणारी सरसर, वर सांगितल्याप्रमाणे, मुख्यतः खोलीची असते.

स्कार्लेटच्या चौथ्या पिढीतील २आय२ मध्ये ‘ऑटो गेन’ आहे. तो दहा सेकंद आवाज ऐकून गेन ठरवतो. त्या दहा सेकंदांत आपण नुसता षड्ज लावला तर यंत्राची समजूत चुकीची होईल. तेव्हा तिथे तार सप्तकातली जोरदार तानच घ्यावी.

आणखी एक विनंती अशी की ‘एअर’, ‘व्हिंटेज’, ‘४के’ अशा नावांची बटणे शिकवण्याच्या मुद्रणात बंद ठेवावीत. ती वरच्या कंपनांना उठाव देतात किंवा आवाजात हार्मोनिक्सची (मूळ स्वराच्या पटीतील कंपनांची) भर घालतात. सुगम संगीतात कुणाला ते आवडेल, त्यात गैर काही नाही. परंतु तंबोऱ्याची जवारी (घोडीला तार घासून उठणारा झंकार) कारागिराने ज्या बारकाईने लावलेली असते, तिच्यावर यंत्राची आणखी एक जवारी चढवू नये. हा परिणाम मुद्रणातच उतरतो, त्यामुळे तो नंतर काढता येत नाही.

वीजजोड

प्रीॲम्पची चर्चा उत्तम झाली आहे. मला फक्त अशा गोष्टींकडे लक्ष वेधायचे आहे ज्यांमुळे चांगला प्रीॲम्पही वाईट वाटतो.

यांत पहिली विजेची घरघर. आपल्याकडे वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे आणि घरातील अर्थिंग नीट नसेल तर ५० व १०० हर्ट्झची घरघर मुद्रणात शिरते. ख्यालात ती विशेष त्रासदायक ठरते, कारण पुरुष गायकाच्या खर्जाच्या आणि तंबोऱ्याच्या खालच्या तारेच्या परिसरातच ती बसते, आणि फिल्टर लावून ती काढू गेले तर स्वरालाही धक्का लागतो. परीक्षा सोपी आहे: लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करावे. घरघर गेली तर दोष वीजजोडणीत आहे, इंटरफेस बदलण्याची गरज नाही. अशा वेळी अर्थिंग तपासून घ्यावे आणि लॅपटॉप व स्पीकर एकाच बोर्डावरून चालवावेत. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उपाय काही जण सांगतात; तो जिवावर बेतू शकतो, कृपया कधीही करू नये.

दुसरी गोष्ट फँटम पॉवरची, म्हणजे इंटरफेस केबलवाटे माइकला पुरवतो त्या विजेची. कंडेन्सरला ४८ व्होल्ट लागतात आणि बऱ्याच छोट्या इंटरफेसवर दोन्ही माइकसाठी एकच बटण असते. एक्सएलआर केबल (माइकची तीन पिनांची केबल) धड असेल तर एसएम५८ ला त्यामुळे अपाय होत नाही, तेव्हा दोन्ही माइक एकत्र वापरण्यास हरकत नाही. आधी केबल जोडावी, मग ४८ व्होल्ट सुरू करावेत, आणि तोपर्यंत हेडफोनचा आवाज खाली ठेवावा.

तिसरी गोष्ट, स्वतःचा आवाज ऐकण्याची. ‘डायरेक्ट मॉनिटर’ची, म्हणजे माइकचा आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनमध्ये ऐकण्याची, सोय असलेलाच इंटरफेस घ्यावा. संगणकातून फिरून आलेला आवाज उशिरा पोहोचतो. ४८ किलोहर्ट्झवर १२८ नमुन्यांचा बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) ठेवला तरी एका फेरीतील एका टप्प्यालाच सुमारे पावणेतीन मिलिसेकंद लागतात, आणि जाण्यायेण्याचे व रूपांतराचे टप्पे धरता ते वाढत जातात. डायरेक्ट मॉनिटरमध्ये हा उशीर जाणवत नाही. विंडोज असेल तर कंपनीने स्वतः दिलेला असिओ ड्रायव्हर (हा उशीर कमी ठेवणारी जोडप्रणाली) आहे का आणि तो आपल्या विंडोजसाठी अद्ययावत आहे का, हे खरेदीपूर्वी पाहावे. माझ्या मते ईआयएनच्या एका डेसिबलपेक्षा या ड्रायव्हरचे मोल अधिक आहे.

पावसाळ्यात कंडेन्सर माइक सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवावा. दमट हवेत त्याच्या कॅप्सूलमधून तडतड ऐकू येऊ लागते आणि लोक उगाच प्रीॲम्पवर संशय घेतात.

मध्यमा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वजाबाकीचा हिशेब आता करता येईल. दोन शंका उरल्या आहेत. तंबोऱ्यापुढे कंडेन्सर नेमका कुठे ठेवावा? आणि यंत्र घरी आल्यावर ऐकू येणारी सरसर प्रीॲम्पची आहे की खोलीची, हे मला स्वतःला कसे तपासता येईल?

सायंराग

माइक घोडीच्या दिशेने, तबलीपासून साधारण एक हात अंतरावर ठेवून सुरुवात करावी. घोडीच्या अगदी जवळ गेल्यास जवारीची किनार तेवढी ऐकू येते आणि भोपळ्याची गोलाई मिळत नाही; फार लांब गेल्यास खोली ऐकू येते. आपण स्वतः गात असाल तर तंबोऱ्याच्या माइकची पाठ आपल्या तोंडाकडे करावी. एटी२०२० मागच्या बाजूचा आवाज कमी घेतो, त्यामुळे गळा त्यात कमी मिसळेल. शक्य असल्यास तंबोरा आधी स्वतंत्र मुद्रित करावा आणि तो हेडफोनवर ऐकत गावे. मग आलापातही एसएम५८ वर फक्त गळा येतो.

तपासणीसाठी ध्वनिसाहित्याच्या दुकानातून एक सुटा नर एक्सएलआर प्लग आणावा आणि त्याच्या दुसऱ्या व तिसऱ्या पिनमध्ये १५० ओहमचा रेझिस्टर डकवून घ्यावा. हे काम कोणताही रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा पाच मिनिटांत करून देईल. हा प्लग इंटरफेसला जोडून, फँटम पॉवर बंद ठेवून, गायनासाठी आपण ठेवता तेवढाच गेन ठेवावा आणि अर्धा मिनिट मुद्रित करावे. ही फक्त प्रीॲम्पची सरसर. नंतर प्लग काढून एसएम५८ लावावा, गेन तोच ठेवावा आणि खोलीत कुणीही न बोलता पुन्हा अर्धा मिनिट मुद्रित करावे. दोन्ही तुकडे एकामागे एक ऐकावेत. दुसरा तुकडा स्पष्टपणे मोठा असेल तर जाड पडदे, गादी, सतरंजी आणि रात्रीची वेळ यांवर भर द्यावा. दोन्ही सारखेच वाटले तर आपली खोली फार चांगली आहे, आणि मग एसएम५८ च्या जागी अधिक संकेत देणारा माइक घेण्याचा किंवा मध्ये फेटहेड अथवा क्लाउडलिफ्टरसारखा, फँटम पॉवरवर चालणारा, सुमारे २५ डेसिबल वाढवणारा जोड लावण्याचा विचार करावा.