आधी गोष्ट, मग कोडिंग

एआय (कृत्रिम बुद्धिमत्ता) शिकवायचं म्हटलं की काहीजण म्हणतात, "आधी गणित-कोडिंग पक्कं करा, गोष्टी-कविता नंतर." मला हे काही पटत नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलींना एआय शिकवायचं असेल तर नाहीच नाही.

जॉय बुओलाम्विनी या कृष्णवर्णीय संशोधिकेचंच घ्या. एमआयटी या अमेरिकी विद्यापीठात असताना चेहरा शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला तिचा चेहरा दिसेना, पांढरा मुखवटा चढवल्यावर लगेच दिसला! पुढे २०१८ मध्ये तिने टिमनिट गेब्रू या एआय-संशोधिकेबरोबर तीन कंपन्यांच्या, चेहरा पाहून ओळखणाऱ्या प्रणाली तपासल्या. स्त्री की पुरुष ओळखताना गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर ०.८ टक्के, गडद वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. एवढं झाल्यावर बाईंनी कविता केली. गुलामगिरीतून सुटून स्त्रियांच्या हक्कांसाठी लढलेल्या सोजर्नर ट्रूथच्या १८५१ च्या भाषणाशी नातं सांगणारी. त्या कवितेच्या व्हिडिओत मिशेल ओबामांच्या तरुणपणीच्या फोटोतले केस मशीनला चक्क नकली केसांचा टोप वाटतात. हे पाहिलेली मुलगी टक्केवारी विसरेल, टोप विसरणार नाही.

आता वर्गात सांगा, त्या मशीनच्या तोंडून गोष्ट लिही. मला कुणाचे फोटो दाखवले, त्यांवर 'स्त्री', 'पुरुष' अशी नावं कुणी डकवली, चुकले तरी मी इतक्या ठामपणे का बोलते? हे प्रश्न सोडवल्याशिवाय गोष्ट पुढे सरकतच नाही, आणि ट्रेनिंग डेटा, लेबलिंग वगैरे म्हणजे तरी दुसरं काय?

फक्त पहिला खर्डा हातानेच लिहून घ्या. तोही चॅटबॉटकडून आला तर सगळंच मुसळ केरात.