मदत हवी आहे: पूर्व भागातलं तेलुगू जेवण पाहुण्यांना कुठे खाऊ घालता येईल? (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

संक्रांतीला लेकीच्या सासरचे लोक नागपूरहून आमच्याकडे येणार आहेत. लग्नानंतरची ही पहिलीच संक्रांत. सिद्धरामेश्वरांचं दर्शन, गड्ड्याची जत्रा, मग अक्कलकोट आणि तुळजापूर, असा त्यांचा बेत आहे. जेवणाबद्दल व्याह्यांनी फोनवर आधीच सांगून ठेवलंय, "विहीणबाई, हॉटेलातलं पनीर नको. तुमच्या गावात घराघरात जे शिजतं ते खाऊ घाला." ते हलबा कोष्टी घराण्यातले, आजोबांच्या घरात माग होता, आणि सावजी रश्श्यावर वाढलेले. सोलापूरचे विणकर काय खातात ते त्यांना चाखायचं आहे आणि जमलं तर चालू माग बघायचा आहे.

त्यांचं हे मागणं मला मनापासून आवडलं. पाहुणे आले की आपण त्यांना चादरी आणि चटणी देऊन पाठवतो. पण या गावात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी बोलणारी घरं एका हाकेच्या अंतरावर राहतात, चारही घरांतली ताटं वेगळी असतात, ते दाखवायचं राहूनच जातं. यंदा राहू द्यायचं नाही असं ठरवलंय.

कन्नड ताटाची मला काळजी नाही. गावात लिंगायत खानावळी आहेत, आणि आमच्या शेजारच्या अक्कांकडूनही मी बरंच शिकले आहे. कडक भाकरी, तेलात मुरलेली भरली वांगी म्हणजे एण्णेगाई, मटकी, झुणका, घट्ट दही, आणि ताटाच्या कडेला कच्ची मेथी, मुळा, कांद्याची पात. शेंगाचटणी उखळात कुटलेलीच हवी. मिक्सरमध्ये दाण्याचा नुसता कूट होतो. उखळात लसूण, तिखट, जिरं आणि भाजलेले दाणे एकत्र कुटले जातात, दाण्याचं तेल सुटतं आणि चटणीची ढेप बसते. ज्वारी मंगळवेढ्याचीच आणणार. मालदांडीच्या भाकरीला जी गोडी असते ती दुसऱ्या ज्वारीला नाही, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. शेवटी हुग्गी म्हणजे गव्हाची खीर केली की ताट पुरं झालं. दख्खनी जेवणाचंही जमेल. यजमानांचे एक मित्र बेगम पेठेत राहतात, त्यांच्याकडून बगारा खाना म्हणजे फोडणीचा मसालेदार भात आणि दालचा म्हणजे डाळीचं आंबट कालवण होईल.

अडलंय ते तेलुगू जेवणापाशी. गावात 'साउथ इंडियन' पाटीची हॉटेलं पुष्कळ आहेत. इडली, डोसा, सांबार छान मिळतं, पण ती उडुपी पद्धत झाली. आपल्या पूर्व भागातली पद्मशाली विणकर घरं तेलंगणातली. 1877 साली जुनी गिरणी सुरू झाली, पुढे आणखी गिरण्या आल्या, हातमाग आणि मग यंत्रमाग वाढले, तशी ही घरं पिढ्यान् पिढ्या इथे रुजली. शाळेत माझी एक मैत्रीण साखर पेठेतली होती. तिच्या डब्यातली सर्वपिंडी मी खाल्लेली आहे. तांदळाच्या पिठात भिजवलेली हरभऱ्याची डाळ, दाणे, तीळ, कढीपत्ता घालून भांड्याच्या तळाशीच थापलेली. खालून खरपूस, वरून मऊ. तिच्या घरी पच्ची पुलुसुही प्यायले आहे. चिंचेचं पाणी न उकळता त्यात कांदा, मिरची आणि वरून फोडणी, गरम भाताबरोबर. मैत्रीण आता हैदराबादला असते.

तर पूर्व भागातल्या लोकांना माझी विनंती आहे. अशोक चौक, कन्ना चौक, जोडभावी पेठ, दत्त नगर या पट्ट्यात हे जेवण बसून खाता येईल अशी जागा आहे का? नसेल तर ऑर्डरवर करून देणारं कुणी घर? आम्ही दहाएक माणसं असू. विहीणबाई शाकाहारी आहेत, व्याही मटण आवडीने खातात. आणि हे जेवण नेमकं कोणत्या दिवशी ठेवावं, सणाच्या दिवसांत तुमच्याकडे काय शिजतं आणि काय वर्ज्य असतं, तेही सांगा. बिर्याणीची ठिकाणं नकोत, ती माहीत आहेत. कुणाचा खाजगी नंबर इथे उघड टाकू नका, मला निरोप पाठवा.

— होटगीरोडची

प्रतिसाद

कन्नाचौकातला:
ताई, तुम्ही हॉटेल शोधायलाव म्हणून सापडंना. आमच्या भागात तसं हॉटेल कधी लागलंच नाही. गडी माणूस कारखान्यात मागावर, बाई घरात विड्या वळत. डबा घरून यायचा. बाहेर खायचं म्हणजे चहा, भजी, नाहीतर संध्याकाळी कधी मटण. पाहुणा आला तर त्याला हॉटेलात नेणं हे आमच्यात कमीपणाचं. मग ज्यानं कुणी हॉटेल काढलं त्यानं बाहेरचं गिऱ्हाईक बघून काढलं, म्हणून बिर्याणी आणि चायनीज. घरचं पप्पू म्हणजे वरण आणि पुलुसु म्हणजे चिंचेचं कालवण पैसे देऊन कोण खाणार, असं आम्हालाच वाटायचं.

तरी व्याह्यांची सोय होईल. संध्याकाळच्या लहान मटण खानावळी आहेत, चार-सहा बाकांच्या. तिथे पाटीवर काय लिहिलंय ते बघू नका, आज काय शिजलंय ते विचारा. बोटी म्हणजे आतडी मिळाली तर सोडू नका. चिंच घालून केलेली असते, ज्वारीच्या भाकरीबरोबर खायची. तलकाया म्हणजे मुंडीचं कालवण, ते रोज नसतं. सावजी खाणाऱ्या माणसाला आमचा रस्सा पातळ वाटेल, पण त्यांच्याकडं गरम मसाला पुढं असतो, आमच्याकडं तिखट आणि आंबट. दोन घास खाल्ले की कळतंय.

शाकाहारी लोकांसाठी लग्नाकार्यात स्वयंपाक करणाऱ्या बायका गाठा. दहा माणसांचं त्यांना काहीच अवघड नाही. पण संक्रांतीच्या तोंडावर त्या मोकळ्या नसतात, आत्ताच सांगून ठेवा. निरोप पाठवलाय.

माग बघायचं माझ्याकडं लागलं. चुलत्यांचा कारखाना आहे, टॉवेलचे माग आहेत. आवाज इतका असतो की आत बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून जे विचारायचं ते बाहेर चहावर विचारा.

बाळीवेस:
कडक भाकरी घरी करत बसू नका, दहा माणसांच्या भाकरी थापून, भाजून, कडक करण्यात तुमचा दिवस जाईल. गावात भाकरीच करणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, शेकड्याने देतात. नीट कोरड्या ठेवल्या तर पाहुण्यांना नागपूरला न्यायलाही होतील. पालेभाजी कस्तुरबा मंडईत सकाळी लवकर गेलात तर चांगली मिळेल. आणि भोगीला गरगट्टा म्हणजे घोटलेली मिसळ पालेभाजी करा. त्या दिवसांत पालेभाज्या, हरभरा, वाटाणा सगळं कोवळं असतं. तीळ लावलेली बाजरीची भाकरी त्याबरोबर हवीच.

वेस_ते_वेस:
हैदराबाद रोडला एक दोन मोठी फॅमिली रेस्टॉरंट झाली आहेत, तिथे आंध्र थाळी मिळते. एसी आहे, पार्किंग आहे. दहा माणसं म्हणजे तेही बघायला हवं ना.

होटगीरोडची:
वेस_ते_वेस, आभार. परतीच्या वाटेवर ती जागा लक्षात ठेवीन. पण आंध्र थाळी विजयवाड्याकडच्या पद्धतीची असते, आणि व्याह्यांना इथल्या मागवाल्यांचं जेवण हवंय. म्हणून एसी नसला तरी चालेल.

कन्नाचौकातले दादा, तुमचे किती आभार मानू! निरोप मिळाला. त्या बाईंशी उद्याच बोलते.

पुंटिकूरा:
होटगीरोडची ताई, मी पूर्व भागातलीच, आता कुंभारीला विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, राहते. तुमची पोस्ट मुलीनं वाचून दाखवली आणि मी सांगतेय ते तीच लिहून घेतेय.

आधी दिवसाचं. भोगी आणि संक्रांत या दोन दिवशी आमच्याकडं मटण नाही. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, तुम्ही ज्याला कर म्हणता, तेव्हा घराघरात मटण शिजतंय. म्हणून व्याह्यांचं जेवण करीला ठेवा. अंबाडी घालून मटण सांगा, त्या बाई चांगलं करतील. अंबाडी मंडईत मिळते, नाहीच मिळाली तर चिंच आहे. शाकाहारी ताटात अंबाडी घातलेलं पप्पू, पुलिहोरा म्हणजे चिंचेचा भात, सर्वपिंडी, पच्ची पुलुसु आणि एक गोड, अरिसेलु. अरिसेलु गूळ आणि तांदळाच्या पिठाचे, ते आधी करून ठेवता येतात. भात गरमच वाढा. पच्ची पुलुसु आदल्या दिवशी करून ठेवायचं नाही, जेवायच्या आधी करायचं.

आता जे सांगायला आले ते. तुम्ही मुलीकडच्या ना? मग सकिनालु, आमच्या तांदळाच्या पिठाच्या तीळ घातलेल्या चकल्या, कसे काय विसरलात? आमच्या तेलंगणाच्या घरांत संक्रांतीला मुलीच्या माहेरून तिच्या सासरी सकिनालु जातात. सासरचे ते गल्लीत, नात्यात वाटतात. माझ्या लग्नानंतर आईनं डबा भरून पाठवले होते. तुमचे व्याही विणकर घरातले, त्यांच्या हातात हा डबा दिलात तर आमच्या भागाचं सगळं त्यात आलं. इतर जेवण एकदा होऊन जाईल, सकिनालु ते नागपूरला जाऊन वाटतील.

कसे करतात ते सांगते. नवा तांदूळ रात्री भिजवायचा, सकाळी निथळून ओलाच दळून आणायचा. आमच्याकडच्या गिरण्या संक्रांतीच्या आधी ओले तांदूळ दळून देतात, दुसरीकडं नाही म्हणतील. पीठ चाळून झाकून ठेवायचं, वाळू द्यायचं नाही. त्यात भरपूर पांढरे तीळ, ओवा, मीठ आणि लागेल तसं पाणी. स्वच्छ सुती कापड अंथरायचं, जुनं धोतर असलं तर उत्तम. पीठ हातात घेऊन अंगठा आणि बोटांनी पिळ देत देत त्याची दोरी सोडायची आणि गोल फिरवायची, एकात एक तीन-चार वेढे. हे एकटीनं होत नाही, शेजारच्या चार बायका लागतात. कापड पाणी ओढून घेतंय, मग अलगद उचलून तेलात सोडायचे. कच्चे उचलले तर तुटतात. तळताना लाल करायचे नाहीत, पांढरट राहिले पाहिजेत. गार झाले की डब्यात भरा, बरेच दिवस टिकतात.

पीठ पिळायला पहिल्या दिवशी जमणार नाही. आमच्याकडं संक्रांतीच्या आधी आम्ही पाच-सहा जणी मिळून करतो. तुम्ही तुमचे तांदूळ आणि तीळ घेऊन या, आमच्याबरोबरच करू. विकतही मिळतात, बचत गटाच्या बायका करतात, पण मुलीच्या सासरी द्यायचे ते स्वतः हात लावलेले असावेत असं मला वाटतंय.

होटगीरोडची:
अक्का, तुमचा प्रतिसाद मी यजमानांना मोठ्यानं वाचून दाखवला. आमच्यात मुलीच्या सासरी तिळगूळ, हलव्याचे दागिने जातात. त्यात आता सकिनालु. मी नक्की येते. लेकीलाही घेऊन येईन, ती संक्रांतीच्या आधीच माहेरी येणार आहे. तुमच्या मुलीला निरोप पाठवलाय, कोणत्या दिवशी बसणार ते कळवा.

आतापर्यंत ठरलेलं असं: भोगीला घरी गरगट्टा आणि बाजरीची भाकरी. संक्रांतीला शेंगापोळी आणि संध्याकाळी गड्डा. करीला सकाळी दादांच्या चुलत्यांचे माग, दुपारी पूर्व भागातल्या बाईंच्या हातचं तेलुगू जेवण, शाकाहारी आणि मटण दोन्ही. कडक भाकरीचं ताट पाहुणे येतील त्याच दिवशी, प्रवासातून आल्यावर दही-भाकरी बरी वाटेल. बगारा खाना निघायच्या आदल्या रात्री.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. अक्का, दहा-बारा घरांत वाटता येतील इतक्या सकिनालुंना तांदूळ किती घ्यावा? कोलम चालेल की दुसरा? आणि कन्नाचौकातले दादा, करीच्या दिवशी कारखाना चालू असतो ना?

कन्नाचौकातला:
चुलत्यांना विचारलं. करीला कामगार कमी असतात, पण दोन माग तुमच्यासाठी चालू ठेवतो म्हणाले. दहाच्या आत या.

पुंटिकूरा:
पाच किलो घ्या. कोलम चालतो, बासमती नको. तांदूळ नवा आहे का ते दुकानदाराला विचारून घ्या. तीळ एक किलो आणा, उरले तर तुमच्या तिळगुळाला होतील. जुनं धोतर मिळालं तर तेही आणा, आमच्याकडं आता कुणी नेसत नाही.