नाशकात क्राफ्ट बीअरचा महोत्सव व्हायला हवा, तोही आपल्या चवींचा

गंगापूर रोड:

मागच्या महिन्यात पुण्यात एका लहानशा क्राफ्ट बीअर महोत्सवाला जाऊन आलो. क्राफ्ट म्हणजे मोठ्या कारखान्यात नाही, लहान प्रमाणात बनवलेली. पंधरा-वीस प्रकारच्या बीअर, प्रत्येकीचा शंभर मिलीचा छोटा ग्लास, आणि काउंटरपलीकडे ती बीअर बनवणारा माणूस स्वतः उभा. काय घातलं, केव्हा घातलं, का घातलं असं एक विचारा, तो दहा मिनिटं सांगतो.

त्यातला एक ग्लास अजून डोक्यातून जात नाही. जांभळाची गोझ. गोझ ही मूळची जर्मनीतली आंबट बीअर. नाव गोस्लार गावावरून पडलं आणि ती पुढे लाइपझिगमध्ये रुजली. तिच्यात मीठ आणि धने असतात. इथे त्यात जांभळाचा गर पडला होता. वर फिकट जांभळा फेस, साय धरल्यासारखा. पहिल्या घोटाला मीठ लागलं, पाठोपाठ आंबट, आणि गिळून झाल्यावर जिभेच्या कडांना तो तुरटपणा. शाळेबाहेरच्या गाडीवरून मीठ लावलेली जांभळं घेऊन एकमेकांना जीभ काढून दाखवायचो, अगदी ती चव. मी जागचा हललो नाही. दुसरा ग्लास तोच घेतला.

मग वाटलं, हे नाशकात का नाही? आपल्या शहराला चवीची भीती कधीच नव्हती. १९९९ मध्ये सुला ही वाइन कंपनी सुरू झाली तेव्हा इथे वाइन कोण पीत होतं? २००८ पासून सुलाफेस्ट सुरू झाला आणि लोक बाहेरगावाहून द्राक्षमळ्यात गाणी ऐकायला यायला लागले. पुण्यात डूलालीने २००९ मध्ये मायक्रोब्रुअरी, म्हणजे बीअर बनवायचा छोटा कारखाना, काढली, त्यानंतर तिकडे ताज्या बीअरची गोडी लागली. आपल्याकडे जांभूळ आहे, करवंद आहे, सापुतारा रस्त्यावर सुरगाण्याची स्ट्रॉबेरी मिळते, नागली आहे. आणि द्राक्षं तर आहेतच. इटलीत द्राक्षाचा रस घालून बीअर बनवतात, तो आता मान्य झालेला प्रकार आहे. तो नाशकात व्हायचा नाही तर कुठे?

तुमचं मत सांगा. विरोध असेल तर तोही मोकळेपणाने.

सातू:

माझा विरोध आहे, आणि तो दारूला नाही, या फळाफुलांच्या खेळाला आहे. बव्हेरियात १५१६ मध्ये कायदा झाला: बीअरमध्ये पाणी, जव आणि हॉप्स नावाची कडवट फुलं, बाकी काही नाही. पाचशे वर्षं लोक तेवढ्यातच कसब दाखवत आले. साधी पिल्सनर, ही फिकट रंगाची बीअर, बनवायला सगळ्यात अवघड, कारण तिच्यात चूक लपवायला जागाच नसते. यीस्टचं तापमान जरा चुकलं की जिभेला लगेच कळतं. तीच बीअर बिघडली की तिच्यात आंबा घाला, मध घाला, दालचिनी घाला, लोक वाहवा करतात.

मीही एका महोत्सवात आंब्याची बीअर घेतली होती. वासाला आंबा, चवीला औषधाच्या दुकानातलं सरबत. इसेन्स ओतलेला होता. त्या दिवसापासून मी फक्त लागर, म्हणजे थंडाव्यात हळू आंबवलेली साधी बीअर, पितो.

गंगापूर रोड:

इसेन्सबद्दल पूर्ण सहमत. पण तो फळाचा दोष नाही. खरं फळ घातलं की त्यातली साखर यीस्ट खाऊन टाकतं. गोडवा जातो, मागे आंबटपणा, तुरटपणा आणि वास उरतो. म्हणून जांभूळ, करवंद, कोकम अशी आंबट-तुरट फळं बीअरमध्ये टिकतात आणि हापूस हरवतो. आंब्याची बीअर आमरसासारखी गोड लागली तर गडबड आहे हे ओळखावं.

आणि १५१६ च्या कायद्यामागे फक्त चवीचा विचार नव्हता. गहू आणि राय हे धान्य पाववाल्यांसाठी राहावं हाही हिशेब होता. बाजूच्या बेल्जियममध्ये आंबट चेरी घातलेली क्रीक पूर्वापार चालत आली आहे, तिला कुणी खेळ म्हणत नाही. हूगार्डन गावची धने आणि संत्र्याची साल घातलेली गव्हाची बीअर १९५० च्या दशकात बंद पडली होती. ती पिअर सेलिस नावाच्या एका दूधवाल्याने १९६० च्या दशकात पुन्हा उभी केली. धने आणि संत्र्याची साल! आपल्या मिसळीच्या मसाल्यातले धने आणि नागपूरची संत्री. यात परकं काय आहे?

एक मान्य करतो. त्याच पुण्याच्या महोत्सवात मसाला चहाची बीअरही होती. वेलदोडा इतका की दोन घोटांवर ठेवून दिली.

सिन्नरकर:

चवीचं चालू द्या, मी पाण्याचं विचारतो. एक लिटर बीअर बनवायला धुणं, थंड करणं सगळं धरून चार-पाच लिटर पाणी सहज लागतं, लहान ब्रुअरीत त्याहून जास्त. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघत बायका हंडे रांगेत लावतात. २०१६ च्या दुष्काळात औरंगाबाद खंडपीठाला मद्य कारखान्यांचं पाणी कापायचा आदेश द्यावा लागला होता. त्याच उन्हाळ्यात आयपीएलचे सामने राज्याबाहेर गेले. तुम्ही महोत्सव कुठल्या महिन्यात घेणार, ते आधी सांगा.

गंगापूर रोड:

बरोबर बोललात. उन्हाळ्यात नकोच. नोव्हेंबर ते जानेवारी. थंडीही असते, धरणंही भरलेली असतात. मायक्रोब्रुअरीचं पाणी कारखान्यापुढे फार थोडं आहे, पण म्हणून मोजायचं नाही असं नाही.

निफाडची लेक:

द्राक्षांच्या बीअरवर बोलते, कारण आमचा थॉम्पसन जातीच्या द्राक्षांचा बाग आहे. असे विषय निघाले की कुणीतरी हमखास म्हणतं, अवकाळीत फुटलेली द्राक्षं यात वापरा, शेतकऱ्याचं भलं होईल. इथे अजून कुणी म्हटलं नाही, म्हणून आधीच सांगते. मणी तडकला की दुसऱ्या दिवशी त्यावर बुरशी येते, घड हातात घेतला की आंबूस वास येतो. ती द्राक्षं तुमच्या बीअरमध्ये गेली तर तो वासही जाईल. चांगलं पेय हवं असेल तर चांगला माल घ्या आणि चांगला भाव द्या. पन्नास क्रेट घेऊन शेतकऱ्याच्या नावाने पोस्टर लावू नका, एवढंच मागणं आहे.

बाकी कल्पना मला आवडली. आमच्याकडे बाग पाहायला पाहुणे येतात तेव्हा त्यांना द्राक्षाचा ताजा रस सोडून द्यायला काही नसतं.

रात्रपाळी:

मी नर्स आहे. शनिवारी रात्री अपघात विभागात काय येतं ते मला ठाऊक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचे ते छोटे ग्लास. शंभर मिलीचे दहा घेतले की एक लिटर झाली. पाच टक्के धरलं तर पन्नास मिली शुद्ध अल्कोहोल. साठ मिलीच्या व्हिस्कीच्या पेगमध्ये साधारण पंचवीस मिली असतं. म्हणजे चव घेता घेता माणूस दोन मोठे पेग पिऊन बसतो, आणि त्याला वाटतं आपण नुसतं चाखलं. छोट्या ग्लासाची हीच अडचण आहे. बाटली मोजता येते, घोट मोजले जात नाहीत.

कायद्याने गाडी चालवताना रक्तात शंभर मिलीला तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल चालत नाही. तुमच्या महोत्सवातून निघणारे किती जण त्याच्या आत असतील? मळे शहराबाहेर, रस्त्याला अंधार, रात्री रिक्षा मिळत नाही. माझा मोठा भाऊ अशाच एका कार्यक्रमातून मोटरसायकलवरून परतताना पडला. जगला, पण उजवा हात कोपरातून वळत नाही. त्याने त्या दिवशी 'फक्त बीअर' घेतली होती. हे दोन शब्द मी वॉर्डात रोज ऐकते.

आणि अल्कोहोलने कॅन्सर होतो हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच नोंदवलं आहे. त्यात जांभूळ घातलं म्हणून ते बदलत नाही.

तुमची जांभळाची गोष्ट मी दोनदा वाचली. छान लिहिलीत. तरीही माझं मत विरोधातच.

सातू:

ताई, तुमचा हिशेब बरोबर आहे, आणि माझ्यासारख्या पिणाऱ्याने तो लिहून ठेवावा असा आहे. अमेरिकेत १९८२ पासून भरणाऱ्या ग्रेट अमेरिकन बीअर फेस्टिव्हलमध्ये एकावेळी एक औंस ओततात, म्हणजे तीस मिली. प्रकार शेकड्याने असतात, म्हणून. चव घ्यायला तीस मिली पुरते. शंभर मिलीचा ग्लास हा विकण्यासाठी असतो.

सुरगाणा:

सगळं वाचलं. स्ट्रॉबेरी आमची, नागली आमची, जांभूळ आमचं असं वर लिहिलंय म्हणून बोलतो.

चैतात पहाटे मोहाची फुलं पडतात. आमची आजी उजाडायच्या आत पाटी घेऊन जायची, कारण ऊन चढलं की फुलं सुकतात आणि गुरं खातात. त्या फुलांची दारू आमच्या देवकार्यात लागते, लग्नात लागते. ती आजीने गाळली की हातभट्टी, गुन्हा, पोलीस मडकी फोडून जायचे. आता शहरात तेच फूल चकचकीत ग्लासात येईल तेव्हा त्याला क्राफ्ट म्हणणार. महोत्सव करा, पण काउंटरच्या पलीकडे आमच्यातलं कुणी उभं असेल का? की आमच्याकडून फक्त पाट्या भरून न्यायच्या?

आणि नागली बीअरमध्ये घालायची म्हणता, तर ती कशी घालायची हे आमच्या आईला विचारा. बाळासाठी नागलीचं सत्त्व करतात, त्यात नागली रात्रभर भिजवून फडक्यात बांधतात, मोड आले की सावलीत वाळवतात, मग भाजून दळतात. मोड किती लांब येऊ द्यायचा हे तिला हाताने कळतं. जास्त वाढला तर कडवट होतं.

सातू:

हे वाचून उठून बसलो. यालाच तर माल्टिंग म्हणतात. जवालाही असाच मोड आणतात, तो ठरावीक लांबीचा झाला की वाळवून थांबवतात, म्हणजे पिठाची साखर करणारी द्रव्यं दाण्यात तयार राहतात. किती भाजायचं यावर बीअरचा रंग ठरतो, फिकट पिल्सनरपासून काळ्या स्टाउटपर्यंत. मी इतकी वर्षं जवाच्या माल्टबद्दल वाचतोय आणि माझ्या आजीने मला तेच चमच्याने भरवलं होतं.

फळाबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण नागली हे धान्य आहे, ती वरून टाकलेली चव नाही. नागलीच्या माल्टची बीअर मी नक्की पिईन. ती गाळायला अवघड जाईल, दाणा फार बारीक आहे. जवाचं टरफल गाळणीचं काम करतं, नागलीत ते होत नाही. थोडा जव मिसळावा लागेल.

सिन्नरकर:

कुणी घरी करून बघायच्या आधी सांगतो, परवान्याशिवाय बीअर गाळणं आपल्या राज्यात गुन्हा आहे. सुरगाण्याच्या भाऊंनी आजीचं सांगितलंच. एकवीस वर्षांखालच्यांना तर बीअर विकताही येत नाही, त्यामुळे दारावर वय तपासणं आलंच.

गंगापूर रोड:

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण ताईंचा हिशेब मी घरी ग्लास आणि मापटं घेऊन करून पाहिला. शंभर मिलीचा ग्लास माझ्या मनातून गेला. तीस मिलीचे दहा ग्लास म्हणजे तीनशे मिली, एका पाइंटपेक्षाही कमी. तेवढ्यात दहा चवी कळतात. कुपन दहाचंच, अकरावं नाही. गाड्या आत आणायच्याच नाहीत, सीबीएस म्हणजे शहरातल्या मध्यवर्ती बसस्थानकापासून बस ठेवायची आणि परतीचं तिकीट प्रवेशातच धरायचं. ताई, एवढं करूनही तुमचा विरोध राहील हे मला समजतं. भावाबद्दल वाचून वाईट वाटलं.

सुरगाण्याच्या भाऊ, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर नव्हतं. जांभूळ, स्ट्रॉबेरी, नागली अशी यादी मी सहज लिहून टाकली, ती कुणाच्या हातची आहेत ते मनातही आलं नाही. महोत्सव होईल तेव्हा होईल. त्याआधी पुण्यातल्या त्या गोझवाल्याशी मी बोललो. त्याच्याकडे परवाना आहे, आणि एका छोट्या टाकीत नागली घालून बघायला तो तयार आहे. त्याला पंचवीस किलो मोड आणलेली, वाळवलेली नागली लागेल, न दळलेली, न भाजलेली. भाव तुम्ही सांगायचा. आणि मोड किती लांब ठेवायचा ते तो ठरवणार नाही, तुमच्या आई ठरवतील, असं मी त्याला सांगून ठेवलंय.

येत्या रविवारी सकाळी बोरगावला येऊ का?

सुरगाणा:

या. पण रविवारी मोड आलेले नसतील. आईला आज सांगतो, ती मंगळवारी भिजवेल. गुरुवारी या म्हणजे फडकं सोडताना बघायला मिळेल.