"तू मानतेस, पण कशावरून?" इंदूरच्या मराठी ख्रिस्ती घरांतले अनुभव

गेल्या रविवारी उपासना संपल्यावर बाहेर चहा घेत होतो. मंडळीतल्या एका मुलानं मला बाजूला घेतलं. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. "काकू, माझा रूममेट म्हणतो, देव आहे की नाही हे कळायचा मार्गच नाही. सरळ नास्तिक असता तर भांडलो असतो. याच्याशी काय बोलू?"

प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा. 'ॲग्नॉस्टिक' म्हणजे अज्ञेयवादी हा शब्द इंग्रज शास्त्रज्ञ हक्सलेनं १८६९ मध्ये घडवला. जे सिद्ध करता येत नाही ते ठामपणे सांगू नका, एवढा त्याचा आग्रह होता. असा माणूस मला वैरी वाटत नाही. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) सांगितलंय, तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर सांगायला तयार राहा, आणि ते नम्रतेनं सांगा. आपल्या राज्यात जबरदस्तीच्या धर्मांतराविरुद्धचा कायदा १९६८ पासून आहे, २०२१ मध्ये नवा आला. त्या धास्तीनं आपल्यातले पुष्कळ जण विचारलं तरी गप्प बसतात. इथे कुणाला ओढून आणायचं नाहीये. ज्यानं विचारलं त्याला काय सांगितलंत, आणि कुठे अडलात, तेवढं लिहा.

माझं आधी सांगते. ऑफिसमधल्या मैत्रिणीनं छप्पन दुकानवर पोहे खाता खाता विचारलं, "बिग बँग शिकलीस ना? मग देव कशाला?" मी तिला लमेत्र सांगितला. विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ मध्ये मांडणारा हा बेल्जियन गणिती कॅथलिक धर्मगुरू होता. ती गप्प झाली आणि मला जिंकल्यासारखं वाटलं. रात्री झोप येईना, कारण मी अर्धंच सांगितलं होतं. पुढे पोपनं त्या सिद्धांतात निर्मितीचा दाखला पाहिला तेव्हा खुद्द लमेत्रलाच ते रुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिला उरलेलंही सांगितलं. विज्ञान शिकून श्रद्धा ठेवता येते इतकंच त्याच्यावरून कळतं, देव आहे हे सिद्ध होत नाही. तेव्हापासून ती मला जास्त विचारते.

राजेंद्र नगर, निवृत्त शिक्षिका (इतिहास)

माझा भाचा घरी आला की एकच धोशा, "मावशी, येशू झालाच नसेल तर?" यावर मी चिडत नाही, हा माझ्या विषयातला प्रश्न आहे. टॅसिटस हा रोमन इतिहासकार काही ख्रिस्ती नव्हता, उलट त्याला ख्रिस्ती लोकांचा तिटकारा. त्यानं इ.स. ११६ च्या सुमारास लिहून ठेवलंय की तिबेरियस बादशहाच्या राज्यात रोमन सुभेदार पिलातानं ख्रिस्ताला देहदंड दिला. ज्यू इतिहासकार जोसेफसमधला येशूविषयीचा प्रसिद्ध उतारा मी पुढे करत नाही. त्यात नंतर कुणी ख्रिस्ती हातानं भर घातली आहे, आणि भेसळीच्या कागदावर भार टाकायचा नसतो हे मीच वर्गात शिकवलं.

मग पुनरुत्थानाकडे, म्हणजे येशू मरणातून उठला या दाव्याकडे, येते. येशूचा प्रेषित पौल यानं करिंथकरांना पहिलं पत्र लिहिलं ते साधारण इ.स. ५५ ला, म्हणजे वधस्तंभानंतर पंचवीसेक वर्षांनी. त्यात तो सांगतो, पाचशेहून अधिक जणांनी उठलेल्या येशूला पाहिलं, त्यातले बहुतेक अजून हयात आहेत. भाच्याला म्हटलं, अहिल्याबाई गेल्या १७९५ मध्ये. १८२० ला महेश्वरात कुणी काही भलतंच लिहिलं असतं तर घाटावरच्या म्हाताऱ्यांनी त्याला तिथेच अडवलं असतं की नाही? शिवाय चारही शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, रिकामी कबर आधी बायकांना दिसते. त्या काळी बायकांच्या साक्षीला वजन नव्हतं. रचून सांगणारा त्यांना पहिल्या साक्षीदार करेल कशाला?

भाचा हुशार आहे. म्हणाला, "ते प्रामाणिक होते हे मान्य. पण प्रामाणिक माणसाचीही चूक होते." खरं आहे. कागदपत्रं मला दारापर्यंत आणून सोडतात, उंबरा मी विश्वासानं ओलांडलाय. हे मी त्याला तसंच सांगितलं. इतिहासाच्या नावावर खपवलं नाही.

नर्स, छावणी

मला वाद येत नाही. एप्रिल २०२१. ज्या वॉर्डात होते तिथे ऑक्सिजनच्या बाटलीतले बुडबुडे बघत रात्र जायची. बुडबुडे मंदावले की पोटात गोळा. एका पहाटे चार वाजता एक तरुण बाई गेली. आमचे ज्युनिअर डॉक्टर पायरीवर बसले, पीपीई किट तसंच अंगावर. माझ्या गळ्यातला क्रूस त्यांना माहीत होता. म्हणाले, "सिस्टर, तुमचा देव आत्ता कुठे आहे?"

लहानपणापासून ऐकलेली सगळी उत्तरं मला ठाऊक होती. माणसाला इच्छास्वातंत्र्य आहे, दुःखातून माणूस घडतो. त्या पायरीवर त्यातलं एकही तोंडातून निघेना. बायबलमधल्या दुःखानं पिचलेल्या इयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ नुसते बसले होते, तोवर त्यांचं बरोबर होतं. बोलायला लागले आणि चुकले. मी थर्मासमधला चहा झाकणात ओतून त्यांच्या हातात दिला आणि शेजारी बसले.

दोन महिन्यांनी त्यांनीच पुन्हा विचारलं, "तेव्हा बोलला का नाहीत?" मी म्हटलं, "सर, तुम्ही जे विचारलंत तेच येशूनं वधस्तंभावरून विचारलं होतं, माझ्या देवा, तू मला का सोडलंस? मी ज्याला देव मानते त्यानंच हा प्रश्न विचारलाय, म्हणून तुमचा प्रश्न मला पाप वाटला नाही." ते काही बोलले नाहीत. मला अजूनही त्या बाईच्या मरणाचं कारण सांगता येत नाही.

सुदामा नगर, जावई

मी ख्रिस्ती नाही, अज्ञेयवादी आहे. बायको ख्रिस्ती, म्हणून लिहितोय. लग्नानंतर सासऱ्यांनी मला पास्कलची पैज समजावली. देव असला तर मानणाऱ्याचा फायदाच, नसला तर तोटा नाही. मी म्हणालो, "बाबा, हा तर विम्याचा हप्ता झाला. तुमच्या देवाला असा ग्राहक चालेल?" ते विचारात पडले. आठवड्यानं फोन आला, "तुझं बरोबर आहे. मी तुला धाक दाखवत होतो, माफ कर." माझी मतं बदललेली नाहीत. पण त्या फोननंतर त्यांच्या प्रार्थनेच्या वेळी मी खोलीतून उठून जात नाही.

पलासिया

मला देवाबद्दल कुणी विचारतच नाही. विचारतात ते, "मराठी असून ख्रिस्ती कसे?" यात पुष्कळदा कुतूहलच असतं, म्हणून रागावू नये. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ चं, तेही ओवीत. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, आणि त्यांची गीतं आम्ही आजही 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातून गातो. एवढं सांगितलं की परकेपणाची गाठ सुटते, मग खरं बोलणं सुरू होतं.

कॅथलिक, रेड चर्च

सिस्टर राणी मारिया या कॅथलिक ननना २५ फेब्रुवारी १९९५ ला उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये भोसकून मारलं. ४ नोव्हेंबर २०१७ ला इथेच त्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, त्या गर्दीत मी होतो. त्यांच्या सख्ख्या बहिणीनं तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली होती. माझ्या नास्तिक मित्राला हे सांगितलं. त्याचे डोळे भरले, तरी म्हणाला, "यार, ही माणुसकी आहे. देव मध्ये का आणतोस?" मी म्हटलं, देव न मानणाराही क्षमा करतो, मी पाहिलंय. पण त्या बहिणीला विचार, बळ कुठून आलं. ती ख्रिस्ताचं नाव घेईल. तिची साक्ष तिच्याकडून काढून घेऊ नकोस.

तोच इंजिनिअरिंगवाला

काकू, सगळं वाचलं. खरं सांगायचं तर मी आधीच व्हिडिओ बघून मुद्दे पाठ केले होते आणि मेसमध्ये चारचौघांसमोर त्याला गप्प केलं होतं. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नव्हता. काल रात्री माफी मागितली. त्यानं विचारलं, "तुला कधीच शंका येत नाही?" मी म्हटलं, येते. मार्काच्या शुभवर्तमानात एका आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो ना, विश्वास आहे, माझा अविश्वास घालव, ते त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "हा माणूस मला पटला." मग लाइट गेली. आम्ही गच्चीवर जाऊन बसलो, दोनपर्यंत बोलत. आज त्यानं मार्क पूर्ण वाचायला मागितलाय. माझ्याकडे आजोबांची जुनी प्रत आहे, पानं सुटलेली. तीच देऊ, की नवी आणू?