बायोतली लिंक आपल्या स्वतःच्या पत्त्यावर जायला हवी

शहापूरची साडीवाली:
परवा व्यापाऱ्यांच्या गटात एकांनी लिहिलं: "छोट्या धंद्याला वेबसाइट म्हणजे वायफळ खर्च. लिंकट्रीवर, म्हणजे आपल्या सगळ्या लिंका एका पानावर मांडून देणाऱ्या सेवेवर, पाच मिनिटांत पान होतं, ते इन्स्टाग्रामच्या बायोत टाका आणि कामाला लागा." सत्तर जणांनी अंगठे दिले. मला दोन दिवस चैन नाही, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

मी साड्यांच्या पिशवीवर क्यूआर छापते. एका वेळी दोन हजार पिशव्या. त्या पिशव्या बायका वर्षानुवर्षं वापरतात, भाजीला नेतात. त्यावरचा पत्ता दुसऱ्याच्या जागेचा असला आणि उद्या ती जागा गेली, तर मी कुणाकुणाच्या घरी जाऊन पिशव्या बदलू? जुलै २०१८ मध्ये इन्स्टाग्रामने लिंकट्रीच्या लिंका चुकून स्पॅम ठरवून अडवल्या होत्या. डिसेंबर २०२२ मध्ये ट्विटरने तसल्या लिंकांवर बंदीच जाहीर केली. लगेच मागे घेतली हे खरं, पण त्यांच्या मनात आलं की काय होतं ते दिसलं. गूगलने दुकानांना दिलेली फुकटची संकेतस्थळं मार्च २०२४ मध्ये बंद केली. जून २०२० मध्ये टिकटॉक एका रात्रीत गेलं, तेव्हा ज्यांचं सगळं गिऱ्हाईक तिथंच होतं त्यांच्याकडे सांगायला दुसरा पत्ता नव्हता.

माझ्या पत्त्यावर आज इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप आणि दुकानाचा नकाशा आहे. उद्या यातलं काही बदललं तर पानावरची एक ओळ बदलेन. पिशवी तीच राहील.

निपाणीकर:
ताई, ऐकायला बरं वाटतं. मी अठरा हजार देऊन वेबसाइट करून घेतली होती. करणाऱ्याने डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर घेतलं. पुढं तो फोन उचलेना, मुदत संपली आणि माझ्या दुकानाच्या नावावर जुगाराची जाहिरात दिसायला लागली. गिऱ्हाइकं फोन करून विचारायची, "काय हो, हा धंदा कधी सुरू केलात?" माझ्या आईनं नातवाच्या मोबाईलवर ते पान बघितलं. त्या दिवसाची लाज अजून जात नाही. लिंकट्रीने मला असं कधी केलं नाही.

आणि एप्रिल २०२३ पासून इन्स्टाग्राम बायोत पाच लिंका घालू देतं. मग मधलं पान हवंच कशाला?

शहापूरची साडीवाली:
पाचातली पहिलीच दिसते, बाकीच्या दाबल्यावर उघडतात. आमच्या मावश्या तिथं दाबत नाहीत, थेट फोन करतात.

तुमच्याशी झालं ते वाईटच. खरं त्यात दोष डोमेनचा नाही. जागा घेताना सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवतो का आपण? डोमेन आपल्या नावावर, आपल्या ईमेलवर, आपल्या मोबाईलवर. नूतनीकरण आपोआप होईल असं कार्ड जोडायचं. वर्षाला हजाराच्या आतबाहेर खर्च. एका पानाला अठरा हजार लागतच नाहीत, गिटहब नावाच्या संकेतस्थळावर साधं पान फुकट राहतं.

कुंदावाला:
माझी अडचण वेगळीच. माझ्या डोमेनमध्ये गावाचं जुनं इंग्रजी स्पेलिंग आहे, 'बेलगाम'. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारदरबारी 'बेळगावी' झालं. आता नवीन पोरं तसं टाइप करतात, पुण्याचे पाहुणे जुनं टाइप करतात. दोन्ही घेऊ का?

खडेबाजारचा जुना:
जुनंच ठेवा! आणि शक्य असेल तर देवनागरीतच पत्ता घ्या. 'डॉट भारत' २०१४ पासून मिळतं. इथं कर्नाटकात दुकानावरच्या पाटीत आता साठ टक्के कन्नड लागतं, २०२४ मध्ये कायदाच दुरुस्त झाला. आमची पाटी वडिलांनी स्वतः रंगवली होती, नुसती मराठी. ती उतरवली त्या रात्री ते जेवले नाहीत. वेबसाइट ही एकच पाटी उरली, जिच्यावर काय लिहायचं ते मी ठरवतो. म्हणून मी म्हणतो, स्वतःचीच हवी.

टिळकवाडीची:
काका, तुमच्या वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. खरं प्रत्येक विषय तिकडे, सीमावादाकडेच न्यायचा का? उरलेल्या चाळीस टक्क्यांत मराठी लिहिता येतं, आमच्या दुकानावर आहे. माझी निम्मी गिऱ्हाइकं बैलहोंगल, गोकाकची. त्यांना मराठी पान दाखवून काय उपयोग? आणि देवनागरी पत्ता कॉपी केला की बऱ्याच ठिकाणी 'एक्स एन' अशी अगम्य अक्षरं उमटतात. लोक तो फसवणुकीचा मेसेज समजून पुसतात.

खडेबाजारचा जुना:
चाळीस टक्के तुम्हाला पुरत असतील. १९५६ मध्ये बेळगाव कन्नड राज्यात गेलं, तेव्हापासून आमच्या घरात हा विषय जेवणाच्या ताटावर आहे, तो तुम्ही 'तिकडे' म्हणून बाजूला सारू नका.

टिळकवाडीची:
माझ्याही आजोबांनी लाठ्या खाल्ल्यात, काका. निष्ठेचा दाखला मला मागू नका. मी कन्नड शिकले ती धंद्यासाठी आणि शेजारणीसाठी. त्यानं माझी मराठी कमी झाली नाही.

निपाणीकर:
बायोतल्या लिंकेवरून सुरू झालं होतं हे.

शहापूरची साडीवाली:
मला हे भांडण विषयाबाहेरचं वाटत नाही. तयार पानावर आपण नुसती बटणं लावतो. दोन भाषांत पान, वर कुठली, पहिला फोटो कुठला, हे आपल्याच पानावर नीट मांडता येतं. माझ्याकडे मराठी आणि कन्नड दोन्ही आहे. कुंदावाले दादा, गावाचं नाव पत्त्यात घालूच नका, दुकानाचं घाला. जुना पत्ता सोडू मात्र नका, तो नव्याकडे वळवा. सोडलात तर निपाणीकरांसारखं होईल.

निपाणीकर:
वळवायचंच असेल तर मी डोमेन घेऊन ते लिंकट्रीकडेच वळवीन. चालतं ना?

शहापूरची साडीवाली:
चालतं. बहुतेक डोमेन विकणारे ती सोय फुकट देतात. छापताना मात्र आपलाच पत्ता छापा.

निपाणीकर:
मग डोमेन घेतो. पान करून घेणार नाही, एवढं लिहून ठेवा. कुणाला पैसे देऊन परत अडकायची माझी तयारी नाही.

कुंदावाला:
दुकानाच्या नावाचं 'डॉट इन' शिल्लक होतं, आत्ताच घेतलं. कन्नड मजकूर कोण लिहून देईल?

टिळकवाडीची:
मी देते. काकांनाही हवा असेल तर सांगा.

खडेबाजारचा जुना:
पाठवा. वरची ओळ मराठीच राहील.